आमचं पाणी कुणाच्या दारात?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुजींचा मेसेज आला. गल्लीत बंदिस्त नाली टाकायची, मिस्त्रीचा अंदाज १ लाख ८० हजार, प्लॉट दहा, प्रत्येकी १८,००० रुपये. खाली 'कृपया सहकार्य करावे' आणि हात जोडलेले दोन इमोजी.

ग्रुपच्या नावात 'परिवार' हा शब्द आहे. रोज सकाळी सहापासून तिथं सुविचार, फुलं आणि तुळजाभवानीच्या पूजेचे फोटो येतात. त्या मेसेजनंतर दोन दिवस एकही सुविचार आला नाही. मेसेज सगळ्यांनी वाचला होता, गुरुजींना निळ्या टिक दिसत होत्या.

तिसऱ्या दिवशी पप्पा जेवताना म्हणाले, "आपल्या दारात पाणी थांबत नाही. ज्यांच्या दारात थांबतं त्यांनी करावी नाली. आपण कशाला द्यायचे अठरा हजार?"

माझे पप्पा चिक्कू नाहीत. एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर सुट्टे पैसे मोजून परत दिलेला माणूस. नवरात्राच्या मंडळाला दरवर्षी न मागता वर्गणी देतात. त्यामुळे त्यांचा नकार मला कंजूषपणाचा वाटला नाही, हिशोबाचा वाटला. आणि खरं सांगायचं तर तो हिशोब मला पटलाही होता. ज्याचा फायदा त्याने पैसे द्यावेत, यात चूक काय?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. विषय नालीचा आहे, हे आधीच सांगते. ज्यांना तत्त्वज्ञान फक्त उंचावर सापडतं, त्यांना ते इथं जरा खाली वाकून बघावं लागेल.

गुंठ्यातलं गाव

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव देत नाही, कारण अशा गल्ल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाला आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथं ज्वारीचं शेत होतं. मालकाने तुकडे पाडले, चुन्याने रेघा मारल्या आणि तीस बाय चाळीसचे प्लॉट विकले. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आमचा प्लॉट त्याहून किंचित मोठा. घेणारे सगळे आमच्यासारखे. एसटी, झेडपी, आडत दुकानातला मुनीम, खेड्यातली जमीन भावाला देऊन आलेला कुणीतरी. रस्ता होईल, नळ येईल, नाली होईल असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. कागदावर मात्र फक्त प्लॉट होता.

याला आपल्याकडे गुंठेवारी म्हणतात. २००१ साली महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी वसाहत प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क घेऊन नियमित करायची, असं त्यात होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की लोकांकडून आलेल्या या पैशांचा हिशोब वेगळा ठेवायचा आणि ते त्याच लेआउटमधल्या सोयींसाठी वापरायचे. म्हणजे ज्या गल्लीचे पैसे, त्या गल्लीची नाली.

पण त्यासाठी आधी गल्लीने पैसे भरायला हवेत. आमच्या दहापैकी चौघांनीच अर्ज केले. बाकीचे म्हणाले, "सगळे भरतील तेव्हा भरू." पप्पाही त्यातच. सगळे जण सगळ्यांची वाट बघत होते. मग नाली नाही म्हणून सगळे मिळून सरकारला शिव्या देत होते. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण आम्ही पाठ केली होती, पण गाव म्हणजे दुसरा कुणीतरी, अशा समजुतीने.

दोन शेजारी आणि हजार शेजारी

डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० साली नेमकं हेच लिहून ठेवलंय, आणि योगायोग असा की उदाहरणही पाणी काढून देण्याचंच आहे. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक कुरणात पाणी साचतं. ते दोघं ठरवून चर खणू शकतात, कारण एकाने हात आखडला तर काम बुडणार हे दुसऱ्याला लगेच कळतं. पण हजार माणसांना हे जमणं जवळपास अशक्य. प्रत्येक जण आपला खर्च आणि कष्ट वाचवायला निमित्त शोधतो आणि ओझं इतरांवर ढकलू बघतो. ह्यूमच्या मते म्हणूनच शासनसंस्था लागते.

आमची गल्ली दोन आणि हजार यांच्या मध्ये अडकलेली आहे. दहा घरं. एकमेकांची तोंडं रोज दिसावीत इतकी कमी, आणि कुणी गळालं तरी चालून जाईल असं वाटावं इतकी जास्त. कर म्हणून सक्ती करायला आम्ही सरकार नाही. मैत्रीखातर सोडून द्यायला रक्कम लहान नाही.

आणखी एक गोष्ट. मंडळाच्या वर्गणीत नाव बोर्डावर लागतं, माइकवरून पुकारलं जातं. नालीची वर्गणी जमिनीत पुरली जाते. नाली चांगली झाली की ती कुणाला दिसतच नाही.

रंगपंचमीचं पाणी

आमची गल्ली उताराची आहे. मोठ्या रस्त्याकडून खाली ओढ्याकडे उतरते. आमचं घर सगळ्यांत वर. दहाव्या प्लॉटवर, सगळ्यांत खाली, एक आजी एकट्या राहतात. मुलगा गेला, सून माहेरी. निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात आणि त्या दोन घरी पोळ्या करतात.

रंगपंचमीला आमच्या घरी आम्ही सगळी भावंडं जमलो होतो. दुपारभर खेळलो आणि मग एकामागून एक आंघोळी. संध्याकाळी आईने पुरणपोळी झाकून आजींना द्यायला सांगितली. मी गल्लीतून खाली उतरत गेले आणि आजींच्या उंबऱ्यापाशी थांबले. दारापुढच्या खड्ड्यात गुलाबी पाणी साचलं होतं. साबणाच्या फेसासकट.

आजी रंग खेळत नाहीत. खालच्या तिन्ही घरांत लहान पोरं नाहीत. ते पाणी आमचं होतं, त्यात शंकेला जागा नव्हती.

एरवी ते पाणी रंगाशिवाय जातं, म्हणून कुणाचं ते कळत नाही. भांड्यांचं, कपड्यांचं, न्हाणीचं. आमच्या घरापासून ते वाहत सुटतं, प्रत्येक घर त्यात आपलं ओततं आणि शेवटी ते आजींच्या दारात मुक्कामाला येतं. आमच्या दारात पाणी थांबत नाही, कारण आम्ही ते खाली पाठवतो. आम्ही त्याला आमच्या घराची चांगली जागा समजत होतो.

आजी काही बोलल्या नाहीत. ताट घेतलं आणि म्हणाल्या, "चप्पल तिकडं नको काढू, भिजंल."

तीन हिशोब

त्या रात्री मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर बसले. दहा प्लॉट, प्रत्येकाची रुंदी ३० फूट, म्हणजे ३०० फूट नाली. १ लाख ८० हजार भागिले ३००, फुटाला ६०० रुपये. एका प्लॉटपुढचा तुकडा १८,००० चा.

पहिला हिशोब गुरुजींचा: सगळे समान. प्रत्येकी १८,०००. सोपा, भांडण कमी, लक्षात राहणारा.

दुसरा हिशोब पप्पांचा: ज्याला त्रास त्याला खर्च. पाणी साचतं खालच्या तीन घरांपुढे. म्हणजे त्या तिघांनी प्रत्येकी ६०,००० द्यावेत. आजींचे ६० हजार म्हणजे त्यांच्या चाळीस महिन्यांच्या निराधार रकमेएवढे. असा आकडा मांडला की तो कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण 'ज्यांना हवी त्यांनी करावी' या वाक्याचा अर्थ तोच होतो.

तिसरा हिशोब मला वाचनात सापडला. १९७३ साली लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च कसा वाटावा यावर एक पेपर लिहिला. लहान विमानाला छोटी धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. मग धावपट्टीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च तो तुकडा वापरणाऱ्यांतच समान वाटायचा. लहान विमानावर लांबीचा बोजा नाही.

हे गल्लीला लावून बघा. सगळ्यांत वरच्या तुकड्यातून फक्त आमचं पाणी जातं, म्हणजे त्याचे १८,००० आमचे एकट्याचे. दुसऱ्या तुकड्यातून आमचं आणि शेजाऱ्यांचं, म्हणून ९,००० आमचे. तिसऱ्यात ६,०००. असं करत शेवटच्या तुकड्यात दहा घरांचं पाणी, तिथं आमचे १,८००. बेरीज केली. आमचे ५२,७२१ रुपये. आजींचे १,८००.

मी तीनदा बेरीज केली. नाली तीच, घरं तीच, आणि गणितही तिन्ही वेळा बरोबर. पहिल्या हिशोबाने आजी १८ हजार देतात, दुसऱ्याने ६०, तिसऱ्याने पावणेदोन हजारांच्या आसपास. आणि आम्ही अठरा, शून्य किंवा साडेबावन्न.

तिन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला विचारतो, आपण किती जण आहोत? दुसरा विचारतो, गरज कुणाला आहे? तिसरा विचारतो, वापरतं कोण? भांडण उत्तरांचं दिसतं, असतं मात्र प्रश्नांचं. कुठला प्रश्न विचारायचा हे जो आधी ठरवतो, त्याच्या सोयीचं उत्तर येतं. आणि गंमत म्हणजे सगळे जण आपल्या प्रश्नाला 'साधा हिशोब' म्हणतात.

मी मागितलंच नव्हतं

पप्पांच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे, आणि तो एका मोठ्या तत्त्वज्ञाचा आहे. एच. एल. ए. हार्ट यांनी १९५५ मध्ये असं मांडलं होतं की बरेच लोक नियम पाळून एखादं सामाईक काम करत असतील आणि तुम्ही त्याचा लाभ घेत असाल, तर तुम्हीही आपला वाटा उचलायला हवा. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये यावर एक उदाहरण दिलं. समजा तुमच्या वस्तीतल्या लोकांनी लाउडस्पीकर लावला. वर्षभर रोज एकेकाने गाणी लावायची, गोष्टी सांगायच्या. तुम्ही कधीमधी खिडकीत उभं राहून ऐकलंय, हसलाही आहात. आता तुमचा दिवस आला. तुमच्यावर बंधन आहे का? नोझिक म्हणतात, नाही. न मागितलेली वस्तू माझ्या अंगावर टाकायची आणि मग बिल पाठवायचं, हे चालणार नाही.

आपल्याकडे प्रत्येक गल्लीत लाउडस्पीकर असतो, त्यामुळे हे उदाहरण आपल्याला जरा जास्तच कळतं. आणि मला ते पटतंही. बहुमताने ठरलं म्हणून कुणाच्याही खिशात हात घालता येत नाही.

पण नालीला ते लागू पडत नाही. लाउडस्पीकरच्या बाबतीत मी नकार दिला तर मी फक्त गाणी लावत नाही. माझ्याकडून कुणाकडे काही जात नाही. नालीला मी नकार दिला तरी माझं पाणी जातच राहतं. आमच्या घराला 'मी यात नाही' असं म्हणायची सोयच नाही, कारण आम्ही पंचवीस वर्षं रोज त्यात आहोत. नोझिकही दुसऱ्याचं नुकसान करण्याचं स्वातंत्र्य कुणाला देत नाहीत.

म्हणजे आमचे पैसे हे सोयीचं बिल नाहीच. जे करायला नको होतं ते थांबवण्याचा तो खर्च आहे. आजी देतील ती वर्गणी, आम्ही देऊ ती परतफेड, असं मला वाटू लागलं. दोघांच्या पावतीवर शब्द एकच असेल, अर्थ वेगळा.

यावर एक सरळ उपाय आहे: पाणी बाहेर सोडूच नका. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. ज्याचं सांडपाणी त्याच्याच जागेत मुरतं. उघड्या गटारी नाहीत, डास कमी, आणि वाटणीचं भांडणही नाही. मी हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, "जागा दाखव." खरंच नव्हती. सगळ्यांनी भिंतीला भिंत लावून बांधलंय. वरच्या मजल्यासाठी जिनाही रस्त्यावर काढलाय. मोकळी इंचभर जागा आम्ही आधीच खोलीत घेतली होती.

रिकाम्या प्लॉटचं पाणी

पाचवा प्लॉट रिकामा आहे. मालक पुण्यात, आयटीत. गुरुजींनी फोन केला तर ते म्हणाले, "माझ्या प्लॉटमधून थेंबभर पाणी येत नाही. मी कशाचे देऊ?" वापराच्या हिशोबाने त्यांचं बरोबर आहे. पण नाली झाली की 'नालीसह प्लॉट' म्हणून त्याचा भाव वाढणार. त्यांनी काही न करता.

या वाढीचं काय करायचं, याचा विचार आपल्या कायद्यात आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात नगररचना योजनेची तरतूद आहे. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-नाल्या आखायच्या, नवे प्लॉट मूळ मालकांना परत द्यायचे. योजनेमुळे प्रत्येक प्लॉटची किंमत किती वाढेल याचा अंदाज काढायचा आणि त्या प्रमाणात खर्चाचा वाटा मालकाकडून घ्यायचा, पण वाढीच्या निम्म्याहून जास्त नाही. उरलेला खर्च नियोजन प्राधिकरणाने सोसायचा. ती निम्म्याची मर्यादा मला शहाणपणाची वाटते. वाढ एकट्या मालकाची नाही, सगळ्यांच्या कामाची आहे, हे तिच्यात मान्य आहे. आणि कागदावरची वाढ म्हणजे हातातले पैसे नव्हेत, हेही मान्य आहे.

सातव्या घरात भाडेकरू राहतात. नाली झाली तर सोय त्यांची, प्लॉटची किंमत वाढणार मालकाची, आणि मालक नालीचे पैसे भाड्यात वसूल करणार. मीटिंगला बोलावलं मालकाला. मालमत्तेच्या हिशोबात राहणाऱ्याला रांगच नसते.

ज्याला जेवढं झेपेल

राहिला प्रश्न ऐपतीचा. सरकारी योजनांनाही तो सुटलेला नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या कामाच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी धरली आहे. डोंगराळ-जंगली भागांत किंवा अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. आणि ती रोख, वस्तूंच्या रूपात किंवा श्रमदानाने देता येते. श्रम मोजायची ही मुभा महत्त्वाची आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो फुकट घेणारा ठरत नाही.

याच्या नेमकं उलटंही आपण पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा दोन जिल्ह्यांत झाला. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं किती मोठी द्यायची हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्तवाल्यांना ७५०. माझी आत्या लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहते. तिचं घर अडीचशेचं. ती म्हणते, "भूकंपानं समद्यांची घरं सारखीच पाडली, बांधताना मातर सातबारा बघितला." ज्याचं जेवढं होतं तेवढं त्याला परत, हे तत्त्व म्हणून वाईट नाही. पण ज्याच्याकडे काहीच नव्हतं, त्याला ते काय परत देणार?

दुसरा धडा पुरंदर तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. उपसा योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी उचलायचा, पण पाणी मिळणार ते जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकराचं. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क. सगळ्यांचे पैसे लागणार असतील तर सगळ्यांना हक्क मिळायला हवा, आणि हक्क हवा असेल तर काहीतरी दिलंच पाहिजे, ही दोन्ही टोकं त्यांनी एका दोरीत बांधली.

हे मला आजींमुळे कळलं. गल्लीत काही जण म्हणाले, आजींना माफ करू. मी आनंदाने सांगायला गेले. त्या रागावल्या. "माफ कशाला? मी काय चोरी केली? यादीत माझं नाव घाला. महिन्याला शंभर देईन." माफी दिली असती तर नाली आमची झाली असती आणि त्या तिच्या कडेला राहिल्या असत्या. उद्या चेंबर तुंबला तर कुणाला हटकायचा हक्क त्यांना उरला नसता. शंभर रुपयांत त्यांना नाली नको होती, बोलायचा हक्क हवा होता.

ठरलं ते

पप्पांना मी ह्यूम किंवा विमानतळ सांगितला नाही. आजींच्या दारातल्या गुलाबी पाण्याचा फोटो दाखवला. ते बराच वेळ तो मोठा करून बघत होते. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी खालच्या बाजूला गेलोच नाही गं. बस इकडून, दुकान इकडून." पुन्हा थोड्या वेळाने, "पण बावन्न हजार जरा जास्तच होतात."

पाडव्यानंतरच्या मीटिंगला मी तिन्ही हिशोब वहीच्या पानावर लिहून नेले. दोन तास भांडण झालं. शेवटी गुरुजींनी चौथाच हिशोब काढला. वरचे तीन प्लॉट प्रत्येकी २५,०००. मधले चार १८,०००. खालचे तीन ११,०००. बेरीज बरोबर १ लाख ८० हजार. आजींनी दहा महिने शंभर-शंभर द्यायचे. पुण्याच्या मालकांनी फोनवर घासाघीस करून निम्मे, ९,००० कबूल केले. तुटलेले १९,००० बाकीच्या आठ जणांनी वाटून घेतले, प्रत्येकी २,३७५. आमचे झाले २७,३७५. पप्पांनी मोजून दिले. ३७५ सुद्धा सुट्टे.

कुठल्याच तत्त्वात तो हिशोब पूर्ण बसत नाही. थोडा समानतेचा, थोडा वापराचा, थोडा ऐपतीचा, आणि थोडा कंटाळ्याचा. तरी मला तो तिन्हींपेक्षा न्याय्य वाटतो. कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा प्रश्न एकदा तरी मोठ्याने ऐकावा लागला. पुण्याच्या मालकांना भाव ऐकावा लागला, पप्पांना उतार, आणि मला आजींचा राग.

हा लेख इथं संपला असता तर बरं वाटलं असतं.

पाइपाचं तोंड

खोदकाम सुरू झाल्यावर मिस्त्रींनी सहज विचारलं, "शेवटचं तोंड कुठं सोडायचं?" सगळे एकदम म्हणाले, "ओढ्यात." मीही. वहीच्या पानावर दहा चौकोन होते आणि दहाव्याच्या पुढे एक बाण. बाण कुठं जातो हे कुणी लिहिलं नव्हतं.

ओढ्याच्या काठाला सहा पत्र्याची घरं आहेत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. दिवाळीनंतर गेलेली, कारखाने बंद झाले की परत येणारी. आमचा मेसेज आला, मीटिंग झाली, पैसे जमले, पाइप पुरला, तेव्हा त्या घरांना कुलपं होती. त्यांचे प्लॉट नाहीत, म्हणून ते यादीत नव्हते. ते गावात नव्हते, म्हणून ते आठवलेही नाहीत.

एप्रिलच्या शेवटी ती माणसं आली. दुसऱ्या दिवशी एक बाई कडेवर लेकरू घेऊन पाइपाच्या तोंडापाशी उभी होती. मला बघून तिने विचारलं, "ताई, हे पाणी आता हितंच येणार का?"

आधी दहा घरांचं पाणी गल्लीभर जिरत, सुकत, साचत खाली यायचं. आता ते एका सहा इंची पाइपातून थेट तिच्या दारासमोर पडत होतं. जे आम्ही आजींना पंचवीस वर्षं करत होतो, तेच आता आजींसकट आम्ही सगळे तिला करत होतो. पैसे भरून, पावती घेऊन, बेरीज बरोबर करून.

वाटणी न्याय्य होती की नाही यावर मी दोन महिने डोकं लावलं होतं. वाटणी कुणाकुणात, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मालमत्तेवरून यादी केली की ज्याला मालमत्ता नाही तो खर्चातून सुटतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त यादीतून सुटतो. खर्च त्याच्या दारात येऊन पडतो, फक्त रुपयांत नसतो.

मिस्त्री म्हणतात, ओढ्याआधीच्या मोकळ्या कोपऱ्यात गाळाचा चेंबर आणि मोठा शोषखड्डा घेता येईल. वर काळी माती आहे, ती पाणी पीत नाही, पण सहा-सात फुटांवर मुरूम लागेल. अंदाज चाळीस हजार. मी ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटांत ब्लू टिक आल्या. मग शांतता. एकाने विचारलं, "पण त्या लोकांचा वाटा किती धरायचा?" मी लिहिलं, "त्यांचं पाणी आपल्याकडे येत नाही." त्यावर कुणाचंच उत्तर आलं नाही.

रात्री पप्पांचा मेसेज आला. ते ग्रुपवर कधी लिहीत नाहीत, टायपिंगचा कंटाळा. एवढंच लिहिलं होतं: "मीटिंग रविवारी. आपल्या अंगणात."

खुर्च्या गुरुजींकडून आणायच्या आहेत. त्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगून आले. त्या म्हणाल्या, "आमाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले, पाणी कुठं पडतं ते तुम्हालाच कळतं. त्या येतील की नाही, माहीत नाही. यावेळी वहीच्या पानावर मी सोळा चौकोन काढलेत, आणि बाण अजून काढलेला नाही.